स्नोब्लोअरचे प्लास्टिक स्किड शू: एका हिवाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

मिसिसागा येथील आमच्या ड्राइव्हवेवर गॅरेजच्या दाराशी काँक्रीटचा पट्टा असून तिथून रस्त्यापर्यंत इंटरलॉकिंग पेव्हर बसवलेले आहेत. टोरांटोच्या उपनगरांत अशा पेव्हरवर लोक हौसेने बराच खर्च करतात आणि मग प्रत्येक हिवाळ्यात त्यांवरून पोलाद फरफटवतात, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे. आमच्या टू-स्टेज स्नोब्लोअरला, म्हणजे बर्फ आत ओढून मग पंख्याने दूर फेकणाऱ्या यंत्राला, मुळात पोलादी स्किड शू होते. ऑगरच्या (बर्फ आत ओढणाऱ्या फिरत्या मळसूत्री पात्याच्या) पेटीच्या दोन्ही बाजूंना बोल्टने आवळलेल्या या पट्ट्या यंत्राचा पुढचा भार पेलत जमिनीवरून घसरतात. त्यांच्यामुळे पेव्हरच्या कडांवर पांढरट चरे उमटत आणि काँक्रीटवर राहिलेल्या लोखंडाच्या कणांना गंज चढून वसंत ऋतूत तांबूस रेघा दिसू लागत. म्हणून नोव्हेंबरमध्ये ते शू उतरवून प्लास्टिकचे बसवले आणि एप्रिलपर्यंत त्यांच्यावरच काम केले.

हे प्लास्टिक म्हणजे अल्ट्रा-हाय-मॉलिक्युलर-वेट पॉलिएथिलीन होय. कृत्रिम खुब्याच्या सांध्यातील अस्तरासाठीही याच जातीचे प्लास्टिक वापरतात. त्याचे घर्षण फार कमी असते, ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि कडाक्याच्या थंडीतही त्याचा चिवटपणा टिकतो. जानेवारीतील गोठलेल्या सकाळीही आमच्या शूंना कुठे तडा गेला नाही.

हिवाळा संपल्यावर पेव्हर धुऊन पाहिले, तेव्हा नवा एकही चरा आढळला नाही आणि काँक्रीटवर गंजाची नवी रेघ नव्हती. जुने चरे अर्थातच तसेच आहेत. जमिनीतील पाणी गोठून फुगल्यामुळे मधले काही पेव्हर थोडे वर उचलले जातात. तिथे पोलादी शू अडकून यंत्राला हिसका बसे, तर नव्या शूंचा तळ रुंद आणि दोन्ही टोके वर वळलेली असल्याने ते त्या कडेवरून अलगद चढून जातात. आवाजही कमी झाला आहे, आणि पहाटे शेजारी झोपलेले असताना बर्फ काढावा लागणाऱ्यांच्या दृष्टीने ही सोय लहान नाही.

मात्र ड्राइव्हवेचे खरे रक्षण शूंच्या उंचीवर अवलंबून असते, आणि याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. पेटीच्या तळाशी असलेली स्क्रेपर बार, म्हणजे जमिनीलगतचा बर्फ खरवडणारी पट्टी, आमच्या यंत्रात पोलादीच आहे. ती जमिनीला टेकली, तर शू कशाचेही असोत, ओरखडे पडणारच. सपाट जागी यंत्र उभे करून दोन्ही टायरमधील हवा सारखी आहे ना, हे आधी पाहावे, कारण एक टायर बसलेला असेल तर पेटी कलते आणि त्या बाजूचा शू लवकर झिजतो. मग बारखाली सुमारे तीन मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी सरकवावी, शूंचे नट सैल करून ते जमिनीवर सपाट टेकू द्यावेत आणि त्याच स्थितीत नट आवळावेत. मोठा वॉशर घालावा आणि पान्याने अवाजवी जोर लावू नये. जास्त दाबाखाली प्लास्टिक हळूहळू दबते आणि बोल्ट ढिला पडतो. पहिल्या एक-दोन वापरांनंतर नट पुन्हा तपासणे मला आवश्यक वाटते.

झीज हा या शूंचा मोठा दोष आहे. काँक्रीटचा पट्टा खरखरीत असल्यामुळे तळाची पुढची कड फेब्रुवारीपर्यंत स्पष्टपणे पातळ झाली होती आणि काळ्या पृष्ठभागावर बारीक समांतर रेषा उमटल्या होत्या. शू जेवढा झिजतो तेवढी बार खाली येते आणि तीन मिलिमीटरचे अंतर नकळत नाहीसे होते, त्यामुळे हंगामाच्या मध्यावर उंची पुन्हा जुळवावी लागली. आमचे शू उलटेही बसवता येतात. त्यांची दुसरी कड पुढच्या हिवाळ्यासाठी शिल्लक आहे.

दुसरी मर्यादा घट्ट बर्फाची. नगरपालिकेचा बर्फ हटवणारा नांगर रस्त्याकडेला जो दाबलेला, मीठमिश्रित बर्फाचा बांध ढकलून जातो, त्यावर यंत्राची पेटी वर चढू लागते. तो बांध मी दोन थरांत कापतो आणि खाली उरलेला कठीण थर फावड्याने फोडतो. बारखालच्या अंतरामुळे बर्फाचा पातळ थर सगळीकडेच उरतो. ऊन पडले तर तो वितळतो, नाहीतर वाळू टाकावी लागते. मीठ मी जपूनच वापरतो, कारण त्याने काँक्रीटचे पापुद्रे निघू लागले तर ओरखडे टाळून मिळवलेले सारे व्यर्थ जाईल.

पेव्हर, काँक्रीट किंवा नवे डांबर असणाऱ्यांनी हे शू नि:शंकपणे घ्यावेत, असे माझे मत आहे. खडीच्या ड्राइव्हवेवर मात्र पोलादीच ठेवावेत. तिथे ओरखड्यांची चिंता नसते, शू बरेच खाली सरकवून बार उंच ठेवावी लागते आणि धारदार खडे प्लास्टिक फार लवकर खाऊन टाकतात.