ओम्नी-ईकोच्या टपाखाली काय चिकटवावं: चकाकणारी शीट की साधा काळा फोम?

मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की ओम्नी किंवा ईकोत बसणाऱ्याला दोन बाजूंनी चटका बसतो. वरून टपाचा पत्रा, खालून सीटखालचं इंजिन. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी शाळेची पोरं, आठवडी बाजाराचा भाजीपाला आणि लग्नाची पाहुणेमंडळी अजून तिच्यातूनच फिरतात. म्हणून ‘हीट प्रूफिंग किट’ या नावानं विकल्या जाणाऱ्या चंदेरी शीटांना इकडे गिऱ्हाईक भरपूर. या किटमध्ये बहुतेक वेळा ब्यूटाइल रबरची २ मिमी शीट असते, वर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा (फॉइल), खाली चिकट बाजू आणि सोबत एक छोटा रोलर. त्याच्याशेजारी दोन स्वस्त पर्याय असतात: डांबरी शीट आणि बंद पेशींचा, म्हणजे आतली हवा न सोडणारा आणि पाणी न पिणारा, काळा फोम. तिन्हींचा हिशेब खाली मांडला आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. ब्यूटाइल चांगला माल आहे, पण ते खडखडाट मारायचं सामान आहे, ऊन अडवायचं नाही. डांबरी शीट विदर्भात टपाला लावूच नये. आणि ज्याला कोणी किट म्हणत नाही तो काळा फोम उन्हाचं खरं काम करतो.

कारण सोपं आहे. उष्णता अडते ती जाडीनं आणि आत कोंडलेल्या हवेनं. २ मिमी ब्यूटाइलमध्ये दोन्ही नाही. १० मिमी बंद पेशींच्या फोमचा उष्णतेला होणारा अडथळा त्याच्या निदान पंधरा-वीसपट भरतो. राहिली वरची चकाकी. चकचकीत पृष्ठभाग उष्णता परतवतो हे खरं, पण त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. त्यावर फोम किंवा टपाचं आतलं अस्तर घट्ट टेकलं की ती चकाकी फुकट गेली.

दुकानात दाखवतात तो प्रयोग इथेच ओळखता येतो. लाल ठिपक्याचा इन्फ्रारेड थर्मामीटर आधी उघड्या पत्र्यावर धरतात, ६५-७० अंश दाखवतो. मग फॉइल लावलेल्या जागी धरतात, ४० दाखवतो. गिऱ्हाईक खूश! खरं म्हणजे ते यंत्र चकचकीत धातूचं तापमान वाचूच शकत नाही, समोरच्या भिंतीचं किंवा सीटचं प्रतिबिंब वाचतं. फॉइलवर मास्किंग टेपचा दोन इंची तुकडा चिकटवून दोन मिनिटं थांबायला सांगा आणि टेपवर मोजा. आकडा लगेच वर चढतो.

आता माल कसा पारखायचा. ब्यूटाइल घेताना भाव चौरस फुटावर विचारा, ‘पूर्ण गाडीचा सेट’ असा नको, कारण सेटमध्ये शीट किती ते कोणी सांगत नाही. २ मिमीचा दावा असेल तर एक चौरस फूट तुकडा सोनाराच्या नाही तरी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. तीनशे ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. दोनशेच्या खाली असेल तर जाडीत खालचा कागद मोजला आहे असं समजा. वास घ्या. रस्त्यावरच्या डांबरासारखा वास आला तर लेबलवर काही लिहिलेलं असो, माल डांबरी आहे. शंका असेल तर टिनाच्या शेडला आतून, छताला, एक पट्टी चिकटवा आणि दोन-तीन दुपार जाऊ द्या. डांबरी पट्टीच्या कडा सुटून खाली लोंबतात, कधी काळे थेंबही गळतात. हेच गाडीत अस्तराच्या मागे झालं तर अस्तरावर डाग पडतात आणि ते निघत नाहीत. ब्यूटाइल मात्र टपाच्या तापमानाला जागचं हलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

फोमचे दोन प्रकार मिळतात. एक्सएलपीई म्हणजे हलका, कडक, स्वस्त. दुसरा नायट्राइल रबर, एसीच्या डक्टला गुंडाळतात तो. नायट्राइल कार अॅक्सेसरीच्या दुकानात सहसा नसतो, एसीचं काम करणाऱ्यांच्या सप्लायरकडे असतो आणि तिथे स्वस्तही पडतो. तो साधारण १०५ अंशांपर्यंत टिकतो आणि चांगल्या प्रतीचा असेल तर काडी काढून घेतल्यावर स्वतःच विझतो. एक्सएलपीई जळताना वितळून थेंब पाडतो. पोरं नेणाऱ्या गाडीत नायट्राइलच घ्यावा. दुकानदाराला आयएस १५०६१ विचारा, गाडीच्या आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेचं भारतीय मानक तेच आहे. सीटच्या गादीचा स्पंज मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी टपात घालू नका. त्याच्या पेशी उघड्या असतात, पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि टप आतून सडतो.

किती लागेल? ईकोचा टप आतून साधारण ३ चौरस मीटर, म्हणजे ३२ चौरस फूट. ओम्नीचा थोडा कमी. मोजूनच घ्या. एक मीटर पन्ह्याचा १० मिमी फोम साडेतीन मीटर घेतला की काटछाटीसह पुरतो. ब्यूटाइल अख्ख्या टपाला लावायची गरजच नाही. पत्रा थरथरतो तो टपाला आतून आधार देणाऱ्या लोखंडी आडव्या पट्ट्यांच्या मधल्या भागात, तिथे मध्यभागी एक-चतुर्थांश क्षेत्र झाकलं तरी आवाज बसतो. म्हणजे आठ-नऊ चौरस फूट पुरे. किट विकणारा पूर्ण ३२ फूट गळ्यात मारतो. त्यात पैसे तर जातातच, शिवाय उंच-अरुंद गाडीच्या डोक्यावर दहा किलो वजन चढतं.

काम करायचं तर दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीत. थंडीच्या सकाळी ब्यूटाइल ताठ असतं, अर्धा तास उन्हात ठेवलं की वळतं. मे महिन्यात तपलेल्या पत्र्याला ते टेकवल्या क्षणी धरतं, मग सरळ करायला गेलं की फॉइल फाटते. तरीही उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे करा.

सगळ्यात आधी टपावर बादलीनं पाणी ओता, कडेच्या पन्हाळीत जास्त. आतून कुठे ओल दिसते ते बघा. पन्हाळीचा सांधा गळत असेल तर जुनं सीलंट खरवडून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, एक दिवस वाळू द्या, पुन्हा पाणी ओता. गळक्या टपाला आतून शीट लावली की गंज झाकला जातो आणि दोन पावसाळ्यांनी पत्र्याला भोकं पडतात.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. आतला दिवा, सनवायझर, हँडल, दरवाज्याची रबर बीडिंग आणि शेवटी अस्तराच्या क्लिपा. क्लिप स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, प्लॅस्टिकची चपटी पट्टी घ्या. जुन्या गाडीच्या क्लिपा उन्हानं ठिसूळ झालेल्या असतात आणि तुटतातच. दहा-पंधरा नव्या आधीच आणून ठेवा. ज्या नव्या ईकोत टपाच्या कडेला कर्टन एअरबॅग आहेत, तिच्या अस्तराला घरी हात लावू नका. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं.

पत्रा थिनरनं पुसा, पेट्रोलनं नाही. पेट्रोल मागे तेलकट थर ठेवतं आणि बंद गाडीत ते धोक्याचंही आहे. ब्यूटाइलचा कागद एका टोकाकडून सोलत जा आणि मधून कडेकडे रोलर फिरवा. फॉइलवरची उठावदार नक्षी सपाट झाली म्हणजे शीट बसली. नक्षी दिसते आहे तिथे खाली हवा आहे, आणि ती जागा पुढे फुगणार. किटमधला रोलर हलका असतो, दांडा वाकतो. मोठ्या भागाला घरातलं लाटणं जास्त दाब देतं (नंतर ते स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे घरी आधी कबूल करून घ्या).

फोमला मागे चिकट थर असेल तरी टपासाठी त्याच्यावर विसंबू नका. तो गोंद उन्हाळ्यात कडेपासून सुटतो. फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबर गोंद फोमला आणि पत्र्याला दोन्हीकडे पातळ लावा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच टेकवा. हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटं लागतात, उन्हाळ्यात पाचही पुरतात. ओला असतानाच दाबला तर गोंदाची वाफ बाहेर पडायला जागा राहत नाही आणि पापुद्रा सुटतो. दरवाजे सगळे उघडे, जवळ बिडी-काडी नाही. अस्तर आणि पत्र्यामधली जागा आधी मोजा. ७ मिमीच असेल तर १० मिमी फोम कोंबण्यात अर्थ नाही, ६ मिमी घ्या. दबलेला फोम कमी काम करतो आणि क्लिपाही बसू देत नाही. आडव्या पट्ट्यांवरही पातळ फोमची पट्टी फिरवा. बहुतेक कारागीर ही जागा सोडतात, आणि ऊन नेमकं त्या उघड्या लोखंडातून आत येतं.

टप उघडाच आहे तर पंख्याची वायर आत्ताच टाकून ठेवा. १२ व्होल्टचा सहा इंची पंखा दीड-दोन अँपिअर खातो. १ चौरस मिमीची वायर आणि उगमापाशी ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. दिव्याच्या वायरीला जोड मारून पंखा चालवू नका.

आता इंजिनाचं झाकण. खरं तर पैसे कमी असतील तर टपाआधी इथेच घालावेत, कारण ड्रायव्हरला रात्रीही झळ लागते ती इथून. सीट उचला आणि झाकणाच्या कडेची रबर बीडिंग बघा. दबून चपटी झालेली किंवा तुकडे पडलेली असतेच. कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून गरम हवा आत येते, आणि सोबत इंजिनाचा धूरही. मूळ मापाची बीडिंग नसेल तर डी आकाराची ईपीडीएम रबर पट्टी मिळते, साधारण १२ मिमी उंचीची. जुनी पूर्ण खरवडून चारही बाजूंनी सलग लावा, जोड एकच ठेवा. नुसती बीडिंग बदलली तरी सीटखालचा फरक हाताला कळतो, आणि खर्च किटच्या पासंगाला पुरत नाही.

झाकणाच्या खालच्या, इंजिनाकडच्या बाजूला ब्यूटाइल किंवा फोम नाही लावायचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) चढावर शेकडो अंशांपर्यंत तापतो. तिथे अॅल्युमिनियम चढवलेलं ग्लास फायबरचं ब्लँकेट लावतात, तेही नुसत्या गोंदावर नाही, मोठ्या वॉशरसह रिव्हेट मारून. इथे मात्र चकाकीचा उपयोग आहे, कारण समोर मोकळी हवा आहे. कापलेल्या कडा फॉइल टेपनं बंद करा, नाहीतर काचेचे तंतू केबिनभर होतात. ब्लँकेट तेलानं भिजलं तर धुऊ नका, फेकून द्या. तेल प्यायलेलं ब्लँकेट पेट घेतं. म्हणून इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरची गॅस्केट (तेल अडवणारं पॅकिंग) पाझरत असेल तर आधी ती बदला. नायट्राइल फोम झाकणाच्या वरच्या, केबिनकडच्या बाजूला लावा, ६ मिमी पुरे. जास्त जाड झाला तर सीटचं लॉक बसत नाही. इंजिनाच्या खालून हवा जायची वाट कशानंही बंद करू नका.

गाडीत धुराचा वास येत असेल, डोकं दुखत असेल, तर आधी एक्झॉस्टची गॅस्केट आणि पाइप तपासून घ्या. शीट लावून वास कमी होतो, कार्बन मोनॉक्साइड कमी होत नाही. त्याला वास नसतोच.

दरवाज्यांना किटमधली उरलेली ब्यूटाइल लावता येते. बाहेरच्या पत्र्याच्या आतून फूटभर चौरस तुकडा लावला की दार ‘टण्ण’ न वाजता ‘थप’ वाजतं. खालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. सरकत्या दाराचा खडखडाट मात्र शीटनं जात नाही. तो झिजलेल्या रोलरचा आणि ढिल्या लॉकचा असतो. जमिनीला मॅटखाली ब्यूटाइल चिकटवण्याची शिफारस काही जण करतात. पाण्याचे कॅन, दुधाचे डबे, ओली भाजी नेणाऱ्या गाडीत ते करू नये. पाणी शीटखाली शिरलं की बाहेर येत नाही.

काचांचं काय, हा प्रश्न येतोच. काचेतून येणारं ऊन यातलं काहीही थांबवत नाही, आणि काळी फिल्म लावायला सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये मनाई केली होती. उभ्या गाडीत पुढच्या काचेला आतून परावर्तक पडदा टेकवा, सुटताना काढा. बिनएसी गाडी ४५ अंशात चालवताना खिडकीतून ४५ अंशांचीच हवा येणार. फोम लावल्यावर जातो तो डोक्यावर पडणारा तपत्या पत्र्याचा दाह. एसी असलेल्या ईकोत फायदा जास्त दिसतो, बंद गाडी थंड व्हायला लागणारा वेळ कमी होतो.

गुण द्यायचे तर ब्यूटाइल किटला पाचपैकी तीन: माल पक्का, दावा खोटा. डांबरी शीटला एक, तोही फक्त स्वस्ताईचा. १० मिमी नायट्राइल आणि रबर गोंदाला साडेचार. अर्धा गुण कापला कारण तालुक्याला तो मिळत नाही, नागपूर-अमरावतीहून आणावा लागतो, आणि गुंडाळी घडी घालून आणली तर घडीवरचा दबलेला पट्टा परत फुगत नाही.