शेगडीच्या चिकट जाळ्या: खायचा सोडा, धुण्याचा सोडा की व्हिनेगर?

जाळीवर तेल किती जुनं आहे, यावर कशाने धुवायचं ते ठरतं. काल बोंबील तळताना उडालेले थेंब अजून बोटाला चिकटत असतील, तर गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड पुरे. पण जाळीचे पाय कडीला जिथे जोडलेले असतात त्या खाचेत बघा. तिथे तपकिरी-काळा थर असतो, नखाने खरवडला तरी हलत नाही. तेच तेल आचेवर पुन्हा पुन्हा तापून त्याचं वॉर्निश झालेलं असतं. खरी झटापट त्याच्याशीच आहे.

खायचा सोडा सौम्य, सामू (pH; ७ च्या वर जितका जास्त, तितकं अल्कली तीव्र) साधारण ८. पाण्यात कालवून जाड लेप लावा, अर्ध्या तासाने नायलॉनच्या घासणीने घासा. दर आठवड्याच्या सफाईला छान. जुन्या थरापुढे मात्र हात दुखेपर्यंत घासावं लागतं.

अशा थराला माझं मत धुण्याच्या सोड्याला. वाण्याकडे स्वस्तात मिळतो, सामू ११ च्या आसपास, त्यामुळे तेलाचा साबण व्हायला लागतो आणि थर सुटतो. बादलीत जाळ्या बुडतील इतकं चांगलं गरम पाणी घ्या, त्यात दोन-तीन मोठे चमचे सोडा विरघळवा आणि तासभर विसरून जा. पाणी चहासारखं तपकिरी झालं की समजा काम चाललंय. हातमोजे घालाच, कातडी सोलवटते. आणि ॲल्युमिनियमचं काहीही त्या बादलीत टाकू नका, काळं पडतं.

व्हिनेगरचं तेलावर फारसं चालत नाही. पितळी बर्नरचा काळेपणा आणि उतू गेलेल्या पाण्याचे पांढरे डाग, हे त्याचं काम. तेच चिंच किंवा लिंबूही करतं, म्हणून मुद्दाम बाटली आणायची गरज नाही. सोड्यावर व्हिनेगर ओतल्यावर फसफसतं ते बघायला बरं वाटतं, पण तो कार्बन डायऑक्साइड असतो. आम्ल आणि सोडा एकमेकांनाच संपवतात, तेल जागच्या जागी राहतं. ब्लीचजवळ तर व्हिनेगर नेऊच नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या मुंबईच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात तो जाणार कुठे?

थोडक्यात, इनॅमलच्या जाळीला बादली बिनधास्त, फक्त तारेची घासणी नको. हॉबवरची जाळी उघड्या बिडाची असेल तर भिजवत ठेवू नका. पावसाळ्यात रात्रीतून गंज धरते. तिला खायच्या सोड्याचा लेप, लगेच धुणं, कोरडं पुसणं, मग तेलाचा हलका हात.

बर्नर पूर्ण वाळल्याशिवाय गॅस पेटवू नका. वाळल्यावरही ज्योत पिवळी येत असेल तर भोकांत काहीतरी अडकलंय. बर्नर गार होऊ द्या आणि पिनेने एकेक भोक मोकळं करा.