ग्रँटच्या आठवणी: पुस्तक जबरदस्त, पण ही आवृत्ती घेऊ नका

परवा विक्सबर्गच्या प्रकरणाची पानं सुटून हातात आली म्हणून हे लिहितोय. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती असलेल्या युलिसिस ग्रँटच्या मेमॉयर्सची (आत्मकथनाची) स्वस्तातली पेपरबॅक, दोन्ही खंड एकत्र. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे रिटर्नची मुदत संपली. एवढं जाडजूड पुस्तक वाचायला महिने लागणारच ना?

बाइंडिंगचं एकवेळ सोडा, खरा संताप नकाशांचा आहे. मूळचे मोठे नकाशे अर्ध्या पानात कोंबलेत, भिंग घेऊनही गावांची नावं लागत नाहीत. आणि विक्सबर्गची, म्हणजे मिसिसिपी नदीकाठचं दक्षिणेच्या ताब्यातलं शहर घेण्याची मोहीम नकाशाशिवाय समजत नाही हो. ३० एप्रिल १८६३ ला ग्रँट शहराच्या दक्षिणेला ब्रुइन्सबर्गला नदी ओलांडतो, आणि सरळ विक्सबर्गवर चालून न जाता आधी ईशान्येला जॅक्सन शहर घेतो, मग पश्चिमेला वळून चँपियन हिलची लढाई जिंकतो आणि वेढा घालतो, ४ जुलैला शहर शरण. हे अख्खं वळण डोळ्यांपुढे यायला हवं, इथे नुसते काळे डाग दिसतात.

सुरुवातीला लिखाण कोरडं वाटलं होतं. मेक्सिको युद्धापाशी आलो आणि मत बदललं. ज्या युद्धात स्वतः लढला त्यालाच तो बलाढ्य देशाने दुबळ्यावर केलेलं घोर अन्यायाचं युद्ध म्हणतो. यादवी युद्धातल्या कोल्ड हार्बरच्या लढाईत केलेल्या शेवटच्या हल्ल्याची कायम खंत वाटली हेही सरळ लिहितो, सबबी नाहीत. दक्षिणेचा सेनापती ली शरण आला तेव्हा आनंद नाही, उदास वाटलं म्हणतो. आणि हे सगळं घशाच्या कॅन्सरमध्ये, १८८४ ला भागीदाराने बुडवल्यावर, आपल्यामागे बायकोचं नीट चालावं म्हणून लिहिलेलं. लिखाण संपलं आणि थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ ला तो गेला. मार्क ट्वेनच्या कंपनीने पुस्तक काढलं, बायकोला, ज्यूलियाला, ४ लाख डॉलरच्या वर मिळाले.

खटकलं ते हे, की १८६९ ते ७७ राष्ट्राध्यक्ष होता त्या काळावर प्रकरणच नाही, आणि डिसेंबर १८६२ मध्ये ज्यूंना आपल्या लष्करी विभागातून हाकलण्याचा हुकूम काढला होता त्यावर अवाक्षर नाही. इतक्या प्रामाणिक माणसाने तेही लिहायला हवं होतं.

कॉपीराइट केव्हाच संपलाय, मजकूर नेटवर फुकट आहे. छापील प्रतच हवी असेल तर पैसे भरायच्या आधी विक्रेत्याकडून विक्सबर्गच्या नकाशाच्या पानाचा फोटो मागवा, जॅक्सनचं नाव वाचता आलं तरच घ्या.