रायफलसाठी मध्यम किमतीचा स्कोप: ल्यूपोल्डचा ३-९ की व्होर्टेक्सचा ४-१६?

महाराष्ट्रात रायफल नेमबाजी शिकून अमेरिकेत आलेल्या माणसाला स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, बहुधा इथेच पहिल्यांदा हाताळायला मिळतो. दहा मीटर एअर रायफल असो किंवा स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले तो पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकार असो, त्यांत दुर्बिणीला परवानगी नसते आणि सगळा नेम डायॉप्टर नावाच्या मागच्या साइटच्या बारीक भोकातून धरावा लागतो. त्यामुळे टेक्सासमधल्या एखाद्या दुकानात स्कोपने भरलेले कपाट समोर आले की नवखा माणूस वर्धनाच्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे हात नेतो. पाचशे डॉलरच्या आत खरेदी करायची असेल, तर तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा असे माझे ठाम मत आहे. ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४० (म्हणजे वर्धन ३ ते ९ पट आणि पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे) आणि व्होर्टेक्स डायमंडबॅक टॅक्टिकल ४-१६×४४ हे दोन्ही स्कोप मी .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलवर वापरले आहेत आणि पुढील तुलना त्यावरच आधारलेली आहे.

पहिला मुद्दा उजेडाचा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ल्यूपोल्डमध्ये ९ वर ती सुमारे ४.४ मिलिमीटर असते, तर व्होर्टेक्समध्ये १६ वर जेमतेम २.७५. भर दुपारी हा फरक जाणवत नाही, पण टेक्सासमध्ये हरणाच्या शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते आणि नेमक्या त्या दोन टोकांना १६ वरचे चित्र काळवंडते. व्होर्टेक्स ८ वर आणला की झोत ५.५ मिलिमीटरचा होतो आणि चित्र पुन्हा उजळते; म्हणजे संधिप्रकाशात जास्तीच्या वर्धनाचा उपयोग नसतोच.

व्होर्टेक्सचे रेटिकल, म्हणजे आत दिसणाऱ्या नेमाच्या रेषा, पहिल्या प्रतलात आहे, म्हणजे वर्धन वाढवले की त्याच्या खुणाही त्याच प्रमाणात मोठ्या होतात आणि कुठल्याही वर्धनावर एक मिल (शंभर यार्डांवर ३.६ इंच भरणारा कोन) म्हणजे एक मिलच राहतो. लांबच्या लक्ष्यावर खुणेने उंची धरायची असेल तर ही मोठीच सोय आहे. मात्र ४ वर त्या रेषा केसासारख्या बारीक होतात, रेटिकलमध्ये दिवा नाही, आणि झुडपांच्या पार्श्वभूमीवर त्या शोधाव्या लागतात. ल्यूपोल्डच्या साध्या ड्युप्लेक्स रेटिकलच्या जाड रेषा सर्व वर्धनांवर सारख्याच राहतात, त्यामुळे नजर आपोआप मध्यावर जाते. त्याचे वजन सुमारे साडेतीनशे ग्रॅम आहे, तर व्होर्टेक्सचे साडेसहाशेच्या आसपास. रायफल खांद्यावर घेऊन दिवसभर चालणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. दोनशे यार्डांच्या आतल्या शिकारीसाठी म्हणूनच मी निःसंकोचपणे ल्यूपोल्ड सुचवीन.

रेंजवर तीनशे यार्ड आणि त्यापुढे नेम धरायचा असेल, तर मात्र पारडे व्होर्टेक्सकडे झुकते. शंभर यार्डांवर झिरो केलेल्या, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवलेल्या, .३०८ ची गोळी तीनशे यार्डांवर सुमारे चौदा इंच खाली जाते, म्हणजे जवळपास १.३ मिल, म्हणजे वरच्या टरेटचे, अर्थात नेम वर-खाली सरकवणाऱ्या फिरत्या बटणाचे, तेरा क्लिक. हे टरेट उघडे आहे, क्लिक बोटांना स्पष्ट लागतात, आणि आकडे बसल्या जागेवरून वाचता येतात. त्यात बटणाला मूळ जागी अडवणारा झिरो-स्टॉप मात्र नाही. बरीच फिरवाफिरव झाल्यावर आपण एक पूर्ण फेरा चुकलो नाही ना, हे टरेटखालच्या आडव्या रेघांवरून तपासण्याची सवय लावून घ्यावी लागते.

क्लिक लागणे आणि रेटिकल खरोखर तेवढेच सरकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मध्यम किमतीचा कोणताही स्कोप घेतला की ही तपासणी स्वतः करावीच. शंभर यार्डांवर उंच फळी उभी करून ओळंब्याने त्यावर सरळ उभी रेघ आखावी आणि वरच्या टोकापासून दर ३.६ इंचांवर, म्हणजे एकेक मिलवर, खूण करावी. रायफल रिकामी करून शिकंज्यात घट्ट पकडावी, रेटिकलचा मध्य वरच्या टोकावर आणावा आणि टरेट पाच मिल ‘वर’च्या दिशेने फिरवावे. मध्य अठरा इंच खाली पाचव्या खुणेवर, रेघ न सोडता, उतरला पाहिजे आणि उलटे फिरवल्यावर मूळ जागी परतला पाहिजे. एकही गोळी न झाडता स्कोपची पारख होते. माझ्या व्होर्टेक्सने ही कसोटी चोख पार केली आहे.

पॅरॅलॅक्सचा, म्हणजे डोळा हलला की नेम लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसण्याचा, बाऊ दुकानदार बराच करतात. ल्यूपोल्डचा पॅरॅलॅक्स कारखान्यातच दीडशे यार्डांवर पक्का केलेला असतो. तरीही डोळा अगदी कडेला गेला तरी तीनशे यार्डांवर चूक फार तर दोन सेंटिमीटरची होते, आणि हरणासाठी ती नगण्य आहे. कागदावर दाट गट पाडायचा असेल तर मात्र व्होर्टेक्सच्या डाव्या बाजूचे, पॅरॅलॅक्स जुळवणारे फिरते बटण हवेच.

बसवताना कंजूषी स्कोपला रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांवर करू नये. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने १५ ते १८ इंच-पाउंडांवर आवळावेत आणि डोळ्याचे अंतर नेहमी सर्वांत जास्त वर्धनावर ठेवून ठरवावे, कारण डोळ्याला हलायला सर्वांत कमी जागा तिथेच मिळते.