अव्होकाडो-व्हीटी: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे केव्हीएमवर (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) चालणारे चार सर्व्हर आहेत. कर्नल किंवा क्यूएमू (व्हर्च्युअल मशीनचं हार्डवेअर उभं करणारा प्रोग्रॅम) अपडेट करायचं म्हणजे शनिवारी रात्री जीव मुठीत धरून बसायचं, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन सुरू करायची आणि पिंग आलं की घरी जायचं, अशी आमची 'टेस्टिंग'ची पद्धत होती. गेले आठ महिने ते काम अव्होकाडो-व्हीटी या व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा तपासणाऱ्या टेस्ट सूटकडे दिलंय.

हा टेस्ट सूट जुन्या केव्हीएम-ऑटोटेस्टमधून वाढलेला आहे, पायथनमध्ये लिहिलेला आणि पूर्ण ओपन सोर्स. क्यूएमूच्या आणि लिबव्हर्टच्या (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारी लायब्ररी) टेस्ट वेगवेगळ्या रिपॉझिटरीत आहेत. इन्स्टॉल करून बूटस्ट्रॅप कमांड दिली की जेओएस नावाची छोटी फेडोराची इमेज उतरते आणि पहिली बूट टेस्ट त्याच दिवशी चालते. इथवर सोपं आहे.

अवघड भाग म्हणजे कार्टेशियन कॉन्फिग: दिलेल्या पर्यायांच्या सगळ्या जोड्या लावून टेस्ट बनवणारी फाइल. डिस्कचे दोन प्रकार, इमेजचे दोन फॉरमॅट, नेटवर्क कार्डचे तीन आणि गेस्ट (म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतली) ओएस दोन असे पर्याय दिले, तर एकाच टेस्टच्या चोवीस टेस्ट होतात. लिस्ट कमांड दिली तेव्हा स्क्रीन थांबेचना. 'ओन्ली' (एवढंच ठेव) आणि 'नो' (हे वगळ) या दोन फिल्टरवर हात बसायला मला तीन आठवडे लागले. डॉक्युमेंटेशन आहे, पण आधीच ज्याला कळलंय त्याला ते जास्त कळतं. नवीन माणसाने आधी तयार कॉन्फिग फाइल वाचाव्यात, मग स्वतःची लिहावी.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फेल आणि एरर यांतला फरक. फेल म्हणजे जे तपासतोय ते चुकलं. एरर म्हणजे टेस्ट स्वतःच अडखळली: नेटवर्क ब्रिज नाही, इमेज सापडली नाही, पायथनचं एखादं एक्सेप्शन सुटलं. सुरुवातीला मी दोन्ही लाल दिसले की घाबरायचो. आता सकाळी आल्यावर एरर बाजूला काढतो, आमच्या सेटअपमध्ये काय राहिलं ते बघतो, आणि फेल दिसलं तरच चहा बाजूला ठेवून लॉग उघडतो. रिझल्टच्या फोल्डरमध्ये डीबग लॉग असतो, वर गेस्टच्या स्क्रीनचे फोटोही. बूट होताना मशीन नेमकं कुठे अडकलं ते अंदाजाने नाही, डोळ्यांनी दिसतं.

जानेवारीत याचा खरा उपयोग झाला. एका अपडेटनंतर लाइव्ह मायग्रेशन (चालू मशीन बंद न करता दुसरीकडे हलवणं) केलं की एका ग्राहकाच्या मशीनचं घड्याळ मागे पडायचं. ज्यांच्याकडून आम्ही सपोर्ट घेतो ते दोन आठवडे "तुमच्या सेटअपचा प्रश्न आहे" एवढंच म्हणत होते. सूटमध्ये मायग्रेशनसोबत टाइमड्रिफ्ट (घड्याळ किती सरकलं ते) मोजणारी टेस्ट आहे: मायग्रेशनच्या आधी आणि नंतर गेस्टचं घड्याळ होस्टशी, म्हणजे ते ज्या सर्व्हरवर चालतं त्याच्याशी, ताडून बघते. जुन्या व्हर्जनवर पास, नव्यावर फेल. मी कॉन्फिग आणि लॉग पाठवले, त्यांनी तीच टेस्ट त्यांच्या मशीनवर चालवली आणि तिसऱ्या दिवशी पॅच आला. माझ्या घरच्या स्क्रिप्टने हे झालं नसतं, कारण तिच्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? ही टेस्ट उघडी आहे, प्रत्येक ओळ त्यांना वाचता येते. टेस्ट खुल्या करण्याचं मोल मला त्या दिवशी कळलं.

उणीव सांगायलाच हवी. मायग्रेशनच्या ज्या टेस्ट मी चालवतो, त्या एकाच होस्टवर दोन क्यूएमू प्रोसेस उभ्या करतात. आमच्या दोन सर्व्हरचे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे आहेत. तिथे सीपीयू मॉडेल जुळलं नाही तर ते यात सापडत नाही. ती एक तपासणी आम्ही अजून हातानेच करतो.

आणि एक: हे प्रॉडक्शनच्या सर्व्हरवर चालवू नका. गेस्टचा डीफॉल्ट पासवर्ड १२३४५६ आहे आणि टेस्ट रूटने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) चालवाव्या लागतात. आम्ही कपाटातला एक जुना सर्व्हर यासाठी वेगळा काढलाय, रॅम ३२ जीबी. रात्रभराच्या आमच्या निवडक टेस्टना तो पुरतो.