'पूर्ण रिकंडिशन' म्हणून विकलेलं जुनं लेथ: माझ्यापासून काय काय लपवलं होतं

घरच्या वर्कशॉपसाठी जुनं लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवत कापून आकार देणारं मशीन) शोधताय त्या सगळ्यांसाठी लिहितोय. लांब होईल, पण पूर्ण वाचा, कारण ज्या माणसाने मला फसवलं त्याच्या युक्त्या जुन्याच आहेत आणि मशीन त्याच्या शेडमध्ये उभं असतानाच पकडता येतात.

जाहिरात अशी होती: जुनं मशीन पण पूर्ण रिकंडिशन, बेड (ज्यावर सगळं सरकतं तो लांब पाया) रीग्राइंड म्हणजे घासून परत सरळ केलेला, स्पिंडलचे (जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याचे) बुश म्हणजे बेअरिंगच्या नळ्या नवीन, आटे पाडायला लागणाऱ्या चेंज गिअर्सचा फुल सेट. भाव पण तसाच, म्हणजे त्याच मापाचं दुरुस्त न केलेलं मशीन जेवढ्याला मिळतं त्याच्या दुपटीच्या वर. हे आधीच सांगतो कारण मशीन झिजलेलं निघालं ही माझी तक्रारच नाही. झिजलेलं लेथ काही वाईट नसतं, झीज कुठे आहे आणि किती आहे हे माहीत असलं की त्याच मशीनवर अचूक जॉब निघतो, जुने टर्नर आयुष्यभर तेच करत आलेत. माझा राग आहे तो झीज मुद्दाम लपवून तिलाच दुरुस्ती म्हणून विकलं याचा.

बघायला गेलो तेव्हा मशीन रंगवून तयार, आधीच चालू करून गरम केलेलं. त्याने ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) लावला, धारदार टूल, बारीक फीड, फिनिश एकदम मस्त. माझ्याकडे डायल (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) होती ती स्पिंडलच्या नाकावर लावून बघितली, रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, जवळपास काहीच नाही. कॅरेज, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, या टोकापासून त्या टोकापर्यंत हलकं फिरत होतं. बेडवर अर्धचंद्राची नक्षी होती, चांगल्या स्क्रॅपिंगवर (हाताने खरवडून बेड सपाट करतात तेव्हा) असते ना तशी. मी म्हटलं बॅक गिअर (वेग कमी करणारी गिअरची जोडी) लावून दाखवा, तर म्हणाला, "अहो, पिन जाम झालीये नवीन रंगामुळे, घरी नेल्यावर जरा तेल सोडा, लगेच निघेल." आणि हे सांगताना पठ्ठ्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, अगदी सहज.

तर आता एकेक करून.

बुल गिअर, म्हणजे स्पिंडलवरचा मोठा गिअर, त्याच्यापासून सुरू करतो कारण तो सगळ्यात उघड खोटेपणा आहे. बॅक गिअर म्हणजे स्पिंडलचा वेग साधारण सहाव्या हिश्शावर आणून त्या प्रमाणात ताकद वाढवणारी गिअरची जोडी, आटे पाडताना किंवा मोठा डाया टर्न करताना हीच लागते. नेहमीच्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये बुल गिअर फिरतो पण त्याच्या दात्यांवर भार येत नाही, त्यामुळे दाते तुटलेले असले तरी मशीन छान चालतं, आवाजही येत नाही. दाते तुटतात कसे? आट्याच्या नाकाचं स्पिंडल असेल आणि चक अडकला असेल तर लोक काय करतात, बॅक गिअर लावायचा, वरून डायरेक्टची पिनही (बुल गिअर पुलीला जोडणारी) ठेवायची, म्हणजे स्पिंडल लॉक होतं, आणि मग पाना किंवा दांडा लावून चकला झटका द्यायचा. बिडाचे (कास्ट आयर्नचे) दाते त्या झटक्याला टिकत नाहीत. माझ्या मशीनचे शेजारी शेजारी असलेले तीन दाते असेच गेलेले होते. तिथे एपॉक्सी पुट्टी भरून, कानशीने दात्याचा आकार देऊन, वर काळपट रंग आणि जाड ग्रीस फासलं होतं. ग्रीस इतकं की आत बोट घातल्याशिवाय दाता दिसणारच नाही. घरी पिन सोडवली (रंगाने नाही, मागून ठोकून बसवली होती ती), पहिला आटा पाडायला घेतला आणि कड् आवाज येऊन तिन्ही दाते भुसा होऊन खाली.

म्हणून ज्या मशीनचा बॅक गिअर दाखवत नाहीत त्याचा बॅक गिअर हाच तुमचा पहिला तपास. गार्ड उघडायचं, ग्रीस फडक्याने पुसून काढायचं, स्पिंडल हाताने फिरवत प्रत्येक दाता बघायचा. पुट्टीचा दाता नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडला की वेगळा लागतो, आणि लोखंडी पूड नसलेल्या पुट्टीवर चुंबक धरत नाही. बिडात ब्रेझिंग करून किंवा पिना ठोकून दाता बांधतात ती रीतसर दुरुस्ती आहे, ती बरीच वर्षं चालते, ते सांगून विकलं तर काहीच हरकत नाही.

आता बेड. खरं नुकसान इथे आहे. कुठल्याही लेथचा बेड चकजवळ जास्त झिजतो कारण बहुतेक काम तिथेच होतं, आणि टेलस्टॉककडचं, म्हणजे चकसमोरच्या आधाराकडचं, टोक जवळजवळ नवीन राहतं. त्याने सांगितलं बेड रीग्राइंड केलाय. आता ग्राइंड केलेल्या बेडबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या, बेडवरून जेवढं मटेरियल काढलं तेवढं सॅडल (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) खाली येतं, सॅडलबरोबर एप्रन (कॅरेजचा पुढे लटकणारा भाग) खाली येतो, मग एप्रनमधला हाफ नट आणि त्याला धरून कॅरेज चालवणारा लांब लीडस्क्रू एका रेषेत राहत नाहीत, हाफ नट लावला की लीडस्क्रू वाकायला बघतो. म्हणून खरं ग्राइंडिंग करणारा माणूस सॅडलच्या खाली टर्साइटसारखी (कमी घर्षणाच्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवून तेवढी उंची परत आणतो किंवा गिअरबॉक्स आणि शेवटचा ब्रॅकेट खाली घेतो. विक्रेत्याला सरळ विचारा, किती काढलं आणि सॅडल कशाने उचललं? ज्याने काम केलंय तो लगेच आकडा सांगेल, बहुतेक अभिमानाने सांगेल. मी विचारलं तेव्हा मला उत्तर मिळालं, "सगळं सेटिंग करून दिलंय, काळजी करू नका." घरी सॅडल उचललं तर खाली पट्टी बिट्टी काही नाही, मूळचं झिजलेलं बीड.

केलं काय होतं तर ग्राइंडरला पॉलिशची चकती लावून बेड चमकवला होता, आणि झीज जिथे संपते तिथे जी पायरी असते, जी नखाला लागते, ती कानशीने उतरवून गोल केली होती. म्हणजे झीज दिसण्याची जी एकमेव सोपी खूण, तीच पुसून टाकली. वर ती नक्षी. खऱ्या स्क्रॅपिंगमध्ये ठिपके असतात ते टेकण्याच्या जागा असतात, निळी शाई लावून स्ट्रेट एज फिरवला की सगळीकडे सारखे उमटतात. माझ्या बेडवर शाई चकजवळ हातभर उमटलीच नाही. नुसते ओरखडे होते ते. आणि याहून वाईट म्हणजे एमरीची पूड साफ न करता सॅडल वर ठेवून दिलेलं, वायपरच्या फेल्टमध्ये ती पूड भरलेली होती, म्हणजे मशीन जितकं चालवाल तितकं आणखी घासत राहणार.

कॅरेज हलकं फिरत होतं त्याचंही कारण कळलं. सॅडलच्या मागच्या पट्टीचे बोल्ट सगळे ढिले सोडलेले. याची टेस्ट खूप सोपी आहे आणि कुठलंही इन्स्ट्रुमेंट लागत नाही. कॅरेज चकजवळ आणा, ती पट्टी तिथे हलकी घट्ट करा, आता कॅरेज टेलस्टॉककडे फिरवत न्या. बेड सरळ असेल तर शेवटपर्यंत सारखं फिरेल, झिजलेला असेल तर मध्येच कुठेतरी जड होऊन अडकेल. माझं अर्ध्यावर अडकलं. डायल असेल तर सॅडलवर मॅग्नेट स्टँड लावून डायलचं टोक टेलस्टॉकच्या गाइडवेवर (तो बेडवर ज्या पट्टीवर सरकतो तिच्यावर) ठेवा आणि कॅरेज चालवा. टेलस्टॉक फारसा हलत नाही त्यामुळे त्याचा गाइडवे बराच शाबूत असतो, काटा जेवढा सरकेल तेवढी साधारण झीज. माझ्याकडे ०.२५ मिमी आली. आकडा छोटा वाटेल, पण पुढचा व्ही (बेडवरची व्ही आकाराची पट्टी) झिजला की सॅडल पुढे कलतं आणि टूल जॉबपासून लांब सरकतं, मग चकजवळ डाया मोठा आणि पुढे बारीक. मात्र बेडला पीळ असेल तरी टेपर येतो, तेव्हा घरी आणल्यावर आधी चांगल्या लेव्हलने मशीन लेव्हल करून घ्या आणि मगच झिजेला दोष द्या. मी लेव्हल करून सुद्धा लांब बारवर तीन ठिकाणी तीन माप, आणि तीही एका सरळ टेपरमध्ये नाहीत.

स्पिंडलचं प्रकरण थोडक्यात. "नवीन बुश" म्हणजे जुन्याच गनमेटलच्या बुशमागे पत्र्याची पट्टी घालून टोप्या करकचून आवळल्या होत्या. म्हणून डायलवर ढिलाई दिसली नाही. थोडा वेळ चालवून दाखवलं की कळत नाही, पण अर्धा तास मधल्या वेगावर चालवलं तर बेअरिंगवर हात ठेववेना. टोप्या योग्य सोडल्या तर ०.१२ मिमीची ढिलाई निघाली. तपासताना नुसता रनआउट बघून उपयोग नाही, स्पिंडलच्या भोकात लाकडी दांडा घालून वर उचलायचं, दाबायचं, डायल बघायची, आणि मग मशीन निदान २०-३० मिनिटं सलग चालू ठेवून परत तेच करायचं. मशीन आधीच गरम असेल तर का आहे ते विचारा, जमलं तर पूर्ण गार झाल्यावर परत जा. आणि मऊ ॲल्युमिनियमवरच्या फिनिशला काही अर्थ नाही, माइल्ड स्टीलचा बार घेऊन पार्टिंग टूल (बार कापून वेगळा करायचं) लावायला सांगा, स्पिंडल ढिलं असेल तर मशीन थरथरून स्वतःच सांगतं.

फुल सेट म्हणून दिलेल्या गिअरचं सांगायलाच पाहिजे कारण हे पटकन लक्षात येत नाही. गिअरवर दात्यांचे आकडे बरोबर होते, माझ्या इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडायला लागणारं १२७ दात्यांचं पण होतं (एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याच्यातून तो १२७ येतो), त्यामुळे बघून खूश झालो होतो. पण मशीनचे गिअर २० डीपीचे (दात्याचं इंची माप), म्हणजे मॉड्यूलमध्ये (मेट्रिक मापात) १.२७, आणि त्याने भरीला घातलेले बरेचसे १.२५ मॉड्यूलचे, दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनचे. शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. लावले तर फिरतात पण खरखरतात, एकदा घट्ट एकदा ढिले लागतात, आणि दाते खात जातात. प्रत्येक गिअरचा बाहेरचा डाया व्हर्नियरने मोजा, आणि दात्यांमध्ये दोन मिळवून त्या आकड्याने भागा. सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं, एखाद्याचं वेगळं आलं की तो परका.

आणखी एक. बऱ्याच कंपन्या सीरियल नंबर बेडवरच ठोकतात, साउथ बेंडच्या मशीनवर तो टेलस्टॉककडच्या टोकाला असतो. माझ्या मशीनवर कंपनीची पितळी पाटी होती पण रिव्हेट कोरे करकरीत, आणि बेडच्या त्या टोकाला ग्राइंडरचे घाव, वर रंग. नंबर घासलेलं मशीन घेऊच नका, चोरीचं असू शकतं आणि मग तुम्हीच अडकाल. माझ्यावेळी तो भाग टेलस्टॉकखाली झाकलेला ठेवला होता, टेलस्टॉक सरकवूनच नाही तर उचलून बघायला लावा.

रंगाबद्दल माझं मत आता पक्कं झालंय, मळकट, तेलकट, जुन्याच रंगातलं मशीन मी नव्या रंगापेक्षा पहिलं बघेन. बिडातली चीर, भरलेले टवके सगळं रंगाखाली जातं. माझ्या क्रॉस स्लाइडच्या टी-स्लॉटचा एक ओठ पुट्टीचा निघाला. चिरेची शंका आली तर तिथला रंग खरवडून रॉकेल लावा, पुसून कोरडं करा, खडूची पूड फासा, चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर रेघ उमटते.

सगळे फोटो पाठवून मी त्याला फोन केला. आधी म्हणाला जुन्या मालाला गॅरंटी नसते. बरोबर आहे, नसते, पण गॅरंटी न देणं वेगळं आणि न केलेलं काम केलं म्हणून त्याचे पैसे घेणं वेगळं. मग म्हणाला एक जुना बुल गिअर पाठवतो. तो आला नाही, आणि नंतर फोन उचलणं बंद. माझ्याकडे जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि मेसेज आहेत, त्यावर लेखी तक्रार दिलीये. व्यवहार तोंडी ठेवू नका, रीग्राइंड म्हणतोय तर पावतीवर रीग्राइंड लिहून घ्या, नवीन बुश तर नवीन बुश. जो लिहून द्यायला कां कूं करेल त्याचं मशीन तिथेच सोडा.

मशीन मी ठेवलंय. बुल गिअर नवीन कापून घेतला, स्पिंडलचे जर्नल (बुशमध्ये फिरणारे भाग) ग्राइंड करून त्या मापाचे बुश बनवून घेतले, ते काम चांगलं झालं. बेड आता खरंच ग्राइंडिंगला जाणार आहे आणि सॅडलखाली पट्टी बसवायची आहे, त्याचा खर्च धरला तर हे मशीन मला नव्याच्या जवळपास पडतंय.

त्या माणसाची परत जाहिरात आलीये, वेगळं मशीन, तोच हिरवा रंग, बेडवर तीच अर्धचंद्राची नक्षी आणि खाली तसंच लिहिलेलं, पूर्ण रिकंडिशन. कोणी ते बघून आलं असेल किंवा ॲडव्हान्स देऊन बसलं असेल तर उरलेले पैसे देण्याआधी बॅक गिअर लावून स्टीलवर कट घेऊन दाखवायला सांगा. आणि त्याच्याकडून आधी कोणी मशीन घेतलं असेल तर जाहिरात, मेसेज, पैसे दिल्याचा पुरावा काहीही डिलीट करू नका, एकापेक्षा जास्त तक्रारी असतील तर त्याला जुन्या मालाचं कारण सांगून सुटता येणार नाही.