‘एकेक शब्द’ की ‘हो, आणि’? घरच्या मराठीसाठी कोणता खेळ निवडाल

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत मुलांना आजीचं सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. ‘सानंद’ या इथल्या संस्थेच्या मराठी नाटकाला नेलं तर योग्य जागी हसतात, म्हणजे कान तयार आहे. अडतं ते बोलण्यापाशी. त्यासाठी उत्स्फूर्त नाट्यखेळांसारखा उपाय नाही. अमेरिकी नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांबरोबर असेच खेळ घेतले. गाण्याच्या भेंड्या छानच, पण त्यात पाठ असलेलं गातो. इथे वाक्य स्वतः घडवावं लागतं.

एकेक शब्दाच्या गोष्टीत सगळे गोल बसतात आणि प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा. ‘काल’, ‘एक’, ‘माकड’… पुढच्याला झाड हवंय. हिंदीत ‘पेड़ पर’ असे दोन शब्द झाले असते. मराठीत ‘झाडावर’ हा एकच, म्हणजे सामान्यरूप तिथल्या तिथे करावं लागतं. शेवटचा शब्द ज्याच्या वाट्याला येतो त्याची खरी परीक्षा. माकड चढलं, खार चढली, बोका चढला. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून आपली मुलं ‘पाणी आला’ म्हणतात. ती खोड या खेळात जितकी पकडली जाते तितकी दुसऱ्या कशात नाही. पण बुजरं मूल इथे गप्प होतं, आणि एका फेरीत तोंडून निघतात मोजकेच शब्द.

‘हो, आणि’मध्ये नाकारायचं नाही, पुढे वाढवायचं. “आपण सराफ्यात दुकान टाकू.” “हो, आणि भुट्ट्याचा कीस विकू.” “हो, आणि होळकरांचा हत्ती गिऱ्हाईक म्हणून येईल.” धाकटी म्हणते, “हो, आणि उसकी सूंड में जलेबी अटक जाएगी!” इथे टोकू नका. पुढच्याने म्हणावं, “हो, आणि सोंडेत अडकलेली जिलबी काढायला डॉक्टर येतील.” सोंड, अडकणं, जिलबी, तिन्ही शब्द तिच्या कानावर पडले आणि तिची कल्पनाही टिकली. व्याकरण मात्र इथे ढिलं राहतं, हे मान्य.

माझं मत स्पष्ट आहे: मूल हिंदीतच उत्तर देत असेल तर आधी ‘हो, आणि’, आणि बरेच दिवस तेवढंच. मराठी धडाधड बोलतं पण लिंगं चुकतात, तर एकेक शब्द. चौदा-पंधराच्या मुलांना लाज वाटते; त्यांना दुभाष्या करा. एकाने अगम्य भाषेत भाषण ठोकायचं, त्यांनी मराठीत अर्थ सांगायचा.

आजोबांना ‘असं नाही म्हणायचं’ म्हटल्याशिवाय राहवत नसेल, तर ते अगम्य भाषण त्यांच्याकडेच द्या. घरात लहानमोठी दोन्ही मुलं असतील तर ‘हो, आणि’ एकत्र खेळा; एकेक शब्दाच्या वेळी धाकट्याला आईजवळ बसवून दोघांचा मिळून एक शब्द धरा.